ग्राइंडिंगसाठीचे इनलाइन स्केट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

साध्या इनलाइन स्केटवर बराच काळ फिरल्यानंतर मी ग्राइंडिंगचे, म्हणजे चाकांऐवजी स्केटच्या तळावर रेल किंवा कठड्याच्या कडेवरून घसरण्याचे, मूलभूत प्रकार शिकायला घेतले आणि त्यासाठी खास बनवलेले, कडक कवचाचे ॲग्रेसिव्ह स्केट वापरू लागले. काही महिन्यांच्या नियमित सरावानंतर माझे मत असे झाले आहे की हे स्केट रेलवर किती वेगाने घसरतात, ही त्यांची खरी परीक्षा नव्हे. कडेवर ते किती नेमके बसतात आणि बसल्यावर पाय किती स्थिर राहतो, हे पाहिले पाहिजे. सराव करणारे याला ‘लॉक’ म्हणतात, आणि नवशिक्याचे सगळे यश या लॉकवर उभे असते.

रचनेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. फ्रेमच्या, म्हणजे बुटाखाली चाके धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या दरम्यान, एक रुंद खाच असते. तिला एच-ब्लॉक म्हणतात. बुटाच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला जो सपाट प्लास्टिकचा भाग फ्रेमच्या बाहेर डोकावतो, ती सोल प्लेट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्केटर मंडळी साध्या स्केटच्या फ्रेमवर स्वतःच पट्ट्या ठोकून ही सोय करत असत. आज ती बुटातच घडवलेली असते. माझ्या स्केटची बाहेरची दोन चाके ५८ मिलिमीटरची आहेत, तर मधली दोन लहान आणि अतिशय कडक, म्हणजे अँटी-रॉकर आहेत. मधली चाके लहान असल्यामुळे खाच मोकळी राहते आणि चाक कडेला अडकून स्केट अचानक थांबण्याची शक्यता कमी होते. फ्रेम यूएफएस पद्धतीची, म्हणजे बुटाला फ्रेम जोडण्याच्या सामायिक मापाची, असल्याने दोन बोल्ट काढले की दुसरी बसवता येते.

पहिला प्रकार अर्थातच फ्रंटसाइड, कारण त्यात दोन्ही पाय एच-ब्लॉकवरच बसतात. कठड्याकडे किंचित तिरपे जायचे, गुडघे वाकवून उडी घ्यायची, हवेत अंग काटकोनात वळवायचे आणि दोन्ही पावले खांद्यांपेक्षा थोड्या अधिक अंतरावर कडेला आडवी टेकवायची, इतकेच वर्णन आहे. प्रत्यक्षात उडी सोपी असते आणि टेकल्यानंतरचा पहिला क्षण कठीण असतो. शरीर पुढच्या दिशेने जातच राहते, पावलांना मात्र कडेचे घर्षण अडवते. पृष्ठभाग खरखरीत असेल तर पावले मागे राहतात आणि धड पुढे फेकले जाते, म्हणून वजन मागच्या पायाकडे किंचित झुकलेले असावे लागते. मेण लावलेल्या गुळगुळीत कडेवर याच्या नेमके उलट घडते आणि पाय अंगाखालून निसटतात. या दोन्ही परिस्थितींत कंबर खाली ठेवणे हाच उपाय कामी येतो, आणि या स्केटचा उंच, आधार देणारा घोटा तसे बसायला खरोखर मदत करतो. सुरुवातीला स्केट घालून घोट्याइतक्या उंचीच्या कठड्यावर नुसते उभे राहण्याचा, म्हणजे न घसरता दोन्ही खाचा कडेवर बसवण्याचा सराव मी केला. तळपायाला लॉक कसा जाणवतो हे तिथेच कळते, चालत्या वेगात ते कळायला वेळच मिळत नाही. वेगाबद्दलही एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अगदी हळू जाणे सुरक्षित वाटते, परंतु अपुऱ्या वेगात स्केट कडेवर मध्येच थांबतो आणि तोल जातो. मध्यम, स्थिर वेग अधिक सुरक्षित असतो.

सोल ग्राइंडने मला सर्वाधिक काळ गुंतवून ठेवले, आणि या स्केटची खरी गुणवत्ताही मला तिथेच दिसली. यात पुढचा पाय फ्रंटसाइडसारखा एच-ब्लॉकवर आडवा असतो, तर मागचा पाय सोल प्लेटवर, जाण्याच्या दिशेने तोंड करून, कडेला जवळजवळ समांतर राहतो. दोन पाय दोन वेगळ्या दिशांना असल्यामुळे नवशिक्याचे वजन नकळत पुढच्या पायावर जाते आणि मागचा पाय कडेवरून सुटतो. वजनाचा मोठा वाटा मागच्या पायावर ठेवला, त्याचा गुडघा खोल वाकवला आणि पुढचा पाय केवळ दिशा देण्यासाठी हलका ठेवला, की हालचाल एकदम शांत होते. रुंद सोल प्लेटचा लाभ इथे स्पष्ट दिसतो, कारण पाय काही अंशांनी चुकीचा टेकला तरी प्लेट कडेवर राहते. मात्र तीच रुंदी काटेकोर वळणे घेताना जमिनीला घासते, हेही तितकेच खरे आहे. पुढचा पाय उचलून केवळ सोल प्लेटवर घसरणे, म्हणजे माकियो, हा यानंतरचा स्वाभाविक टप्पा आहे. एका पायावरचा तोल ज्यांना आधीपासून साधतो त्यांना तो लवकर जमतो.

अँटी-रॉकर रचनेची किंमत मात्र चालण्यात मोजावी लागते. प्रत्येक पायाची दोनच चाके जमिनीला टेकत असल्यामुळे स्केट संथ चालतो, वळणावर चारही चाकांची पकड मिळत नाही, आणि फरशीच्या सांध्यात पुढचे चाक अडकण्याची भीती राहते. ग्राइंडला लागणारा वेग पाय मारूनच मिळवायचा असल्याने हा दोष दुय्यम मानता येत नाही. फ्रंटसाइड आणि सोल अंगवळणी पडल्यानंतर मी चारही चाके समान उंचीची असलेली, म्हणजे सपाट रचनेची, फ्रेम बसवून पाहिली. फिरण्याचा आनंद परत आला, परंतु खाच अरुंद झाल्याने टेकण्यातली सूट संपली. म्हणून शिकण्याच्या काळात अँटी-रॉकर आणि नंतर सपाट रचना, हा क्रम मला योग्य वाटतो. ज्यांना मुख्यतः फिरायचे आहे आणि ग्राइंड अधूनमधून करायचे आहेत, त्यांनी आरंभापासून सपाट रचना घेतली तरी चालेल.

झिजेचे स्वरूपही समजून घ्यावे. नवी खाच आणि नवी प्लेट सुरुवातीला थोडी अडखळते. घासून घासून प्लास्टिकला कडेचा आकार येतो आणि मग लॉक अधिक भरवशाचा होतो. पुढे हीच झीज खोल गेली की पाय एकाच कोनात अडकतो आणि रॉयालसारख्या प्रकारात, जिथे पुढचे पाऊल बाहेरच्या व मागचे आतल्या बाजूला कलवावे लागते, अडचण होऊ लागते. काँक्रीटच्या कडेला मेण लावावेच लागते, पण पातळ थर पुरतो. लोखंडी रेलवर सहसा त्याची गरज भासत नाही.

लहान आणि कडक चाकांमुळे जमिनीची प्रत्येक थरथर टाचेपर्यंत पोहोचते, त्यामुळे लायनर, म्हणजे कवचाच्या आतला मऊ बूट, आणि टाचेखालची गादी यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. लायनर आत सैल असेल तर टाच उचलली जाते आणि लॉकची जाणीव बोथट होते. हेल्मेट व मनगटाचे रक्षक तर हवेतच, पण मी नडगीच्या रक्षकांना त्यांच्याइतकेच महत्त्व देते, कारण उडी कमी पडली की कठड्याची कड नेमकी नडगीवर आदळते. स्केट निवडताना सोल प्लेट स्वतंत्र बदलता येते का आणि त्या मापाच्या प्लेट पुढेही मिळत राहतील का, याची चौकशी आधीच करावी. लवकर झिजणाऱ्या भागांपैकी तो एक आहे.