तापोळ्याचं बोटिंग : नावाड्याला त्याचं गाव विचारा

आमच्या आईचं माहेर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पाण्याखाली आहे. कोयनेचं पाणी अडवलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. घरचे सगळे उठून सांगली जिल्ह्यात आले. त्यामुळे याच जलाशयाच्या काठावरच्या तापोळ्याबद्दल मी लिहितेय ते बरंचसं तिच्या नजरेनं.

महाबळेश्वरहून तासाभराचा रस्ता, सगळा उताराचा आणि वळणांचा. आम्ही मे महिन्यात सकाळी साडेसातला धक्क्यावर होतो, गर्दी नव्हती. दर विचारून घेतले, लाइफ जॅकेट मिळाली. आईचं सैल होत होतं, ते नावाड्यानं आपणहून बदलून आणलं. छोटी फेरी घेऊ नका, नुसतं गोल फिरवून आणतात. सोळशी आणि कांदाटी कोयनेला मिळतात त्या त्रिवेणी संगमापर्यंतची घ्या.

आईनं गावाचं नाव घेतलं तसं नावाड्यानं इंजिनच बंद केलं. "मावशी, ते गावठाण पुढं, डोंगराच्या त्या सोंडेखाली. आमच्या आज्याची खाचरं पण तिथंच." मग ठरलेला मार्ग सोडून त्यानं बोट तिकडे नेली. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं, काठाची तांबडी माती पायऱ्यांसारखी उघडी पडते. आईनं विचारलं, "भैरोबाचं देऊळ?" "देव वर नेला, त्या झाडीत." ती पाण्यात हात घालून बसून राहिली. वीसेक मिनिटं आम्ही तिथं होतो. त्याचे जादा पैसे त्यानं घेतले नाहीत, देऊ केले तरी.

जेवण धक्क्याजवळच्या एका घरी केलं. बोटीत बसण्याआधी सांगून ठेवलं, परत आल्यावर नाचणीची गरम भाकरी, तळलेले मासे आणि ठेचा. महाबळेश्वरच्या बाजारातल्या जेवणापेक्षा कितीतरी चांगलं. राहायला मात्र महाबळेश्वरलाच होतो, आणि तिथल्या हॉटेलनं दरीकडची म्हणून दिलेली खोली पार्किंगवर उघडत होती. पुढच्या वेळी तापोळ्यातच मुक्काम.

या जागेला मिनी काश्मीर म्हणतात, ते मला पटत नाही. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचं हे धरण, त्यावर १,९६० मेगावॅटची वीज, महाराष्ट्रातली कितीतरी घरं त्यानं उजळली. ज्या गावांनी जागा सोडली त्यांच्या नावांची एक पाटी धक्क्यावर लावावी. मला तरी दिसली नाही.

दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत. तेव्हा तलाव काठोकाठ असेल, सोंड सुद्धा बरीचशी बुडालेली असेल. आईला ते ठाऊक आहे, तरी तिला जायचंय.