दारूगोळ्याच्या पेटीवर बारकोड की आरएफआयडी?

भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींना पेट्या किंवा सुटे भाग पुरवू पाहणाऱ्या जळगाव परिसरातील लहान उद्योजकाला मालावर द्विमितीय (क्यूआर कोडसारखा चौकोनी) बारकोड उमटवावा की आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचली जाणारी चिप) लावावा, याचा निर्णय आज ना उद्या घ्यावाच लागेल. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने सुमारे ४०,००० कंटेनर पाठवले आणि आत काय आहे हे कळावे म्हणून त्यांतील निम्म्याहून अधिक उघडून पाहावे लागले. माल पोहोचला होता, त्याची माहिती पोहोचली नव्हती. दोन्ही तंत्रे ही उणीव भरून काढतात, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर.

आरएफआयडीचा मोठा गुण म्हणजे फाटकातून ट्रक जाताना अनेक पेट्या न उघडता, एकदम नोंदवता येतात. मात्र धातूची पेटी रेडिओ लहरी परावर्तित करते, त्यामुळे साधा टॅग तिच्यावर नीट वाचला जात नाही आणि धातूवर चालणारा खास टॅग बराच महाग पडतो. शिवाय विजेने पेटणारे प्रज्वलक असलेल्या रॉकेटांजवळ रीडरची (टॅग वाचणाऱ्या यंत्राची) शक्ती आणि सुरक्षित अंतर तपासावे लागते. आघाताने पेटणाऱ्या रायफलच्या काडतुसांबाबत ही चिंता तुलनेने कमी असते. रीडर घेताना तो भारतातील ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो ना, हे पाहावे. अमेरिकी बाजारासाठी बनवलेला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा रीडर स्वस्तात मिळाला, तरी येथे तो कामाचा नाही.

बारकोड एकेक करून आणि समोरून वाचावा लागतो, हा त्याचा उघड तोटा. परंतु डेटा मॅट्रिक्स या द्विमितीय प्रकारचा कोड लेझरने थेट धातूच्या पट्टीवर कोरता येतो आणि थोडा खरवडला गेला तरी वाचता येतो. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चिकट लेबलांचे काय होते, हे येथील कोणत्याही भांडारपालाला विचारावे.

एखाद्या लॉटबद्दल (एकत्र बनवलेल्या मालाच्या गटाबद्दल) शंका आली की त्या लॉटची प्रत्येक पेटी सर्व कोठारांतून शोधून बाजूला काढावी लागते. पेटी भरतानाच तिचा क्रमांक लॉट क्रमांकाशी जोडला नसेल, तर महागडा टॅगही या शोधात निरुपयोगी ठरतो. म्हणून सुट्या पेटीसाठी कोरलेला डेटा मॅट्रिक्स आणि पॅलेट, कंटेनर किंवा परत येणाऱ्या रॅकसाठी आरएफआयडी, अशी विभागणी मला योग्य वाटते. दोन्हींचा खर्च सुरुवातीलाच एकदम करण्याचे कारण नाही.

१ ऑक्टोबर २०२१ पासून वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडिया आणि भुसावळची यंत्र इंडिया या वेगळ्या कंपन्यांकडे आहे, त्यामुळे एकीच्या चिन्हांकनाच्या अटी दुसरीलाही चालतील असे गृहीत धरू नये. मंजूर आराखड्यात नसलेले छिद्र पाडून किंवा टॅग चिकटवून पाठवलेली पेटी तपासणीत नाकारली जाऊ शकते, म्हणून यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी आराखड्यातील बदलाला लेखी संमती घ्यावी.