मुलांचा दहा नगी सुतारकाम संच: काय ठेवावं, काय बदलावं

खोक्यावर ‘सहा वर्षांपासून पुढे’ असं छापलंय आणि आत खरीखुरी लोखंडी हत्यारं आहेत. प्लास्टिकच्या संचांपेक्षा हा नक्कीच वरचढ. पण आकार लहान करताना बनवणाऱ्यांनी धारही कमी केलीय, आणि तिथेच चुकलंय. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो, आणि जोरात रेटलेलं हत्यार सटकलं की बोटावरच येतं.

सगळ्यात वाईट नग करवतीचा. इंचाला जेमतेम सात दात, तेही एका रेषेत उभे. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे झुकवलेले नसले की काप पात्याच्या जाडीएवढाच पडतो आणि दोन सेंमी आत गेल्यावर करवत जागीच अडकते. मूल रेटतं, पातं वाकतं. ही करवत सरळ बाजूला ठेवा आणि ओढताना कापणारी, बारीक दातांची लहान जपानी करवत घ्या. ओढताना पातं ताणलेलं राहतं, त्यामुळे ते पातळ असूनही वाकत नाही. मात्र कापात पिळलं तर दात तुटतात, हे मुलाला आधीच दाखवा. पहिली खाच पाडताना पात्याला आधार म्हणून अंगठ्याऐवजी लाकडाचा ठोकळा लावायचा.

हातोडी १५० ग्रॅमची आहे. हलकी म्हणजे सोपी, हा गैरसमज आहे. हलक्या हातोडीने घाव जास्त घालावे लागतात आणि तेवढ्या वेळा खिळा वाकायची संधी मिळते. २२५ ग्रॅमची, आखूड दांड्याची हातोडी बरी. तोंडावर वॉर्निश असेल तर ते पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर खिळ्यावरून घसरते. खिळा बोटांऐवजी पुठ्ठ्याच्या पट्टीत खोचून धरायला लावा.

हातड्रिल मात्र मनापासून आवडलं. चाकांचे दाते एकमेकांत नीट बसतात, मूठ हातात मावते. २ मिमीपेक्षा बारीक बिट (भोक पाडणारी पीळदार सळी) तिरकं झालं की मोडतं, म्हणून सुरुवात ३ मिमीने. बिट बाहेर काढताना उलटं फिरवू नये. त्याच दिशेने फिरवत वर उचललं की भुसा निघून येतो.

फळी टेबलाला आवळून धरणारा क्लॅम्प एकच दिलाय, तोही ५० मिमी उघडणारा. ३० मिमी जाड टेबल आणि २० मिमी फळी यांतच तो संपतो. शिवाय एका क्लॅम्पभोवती फळी गरकन फिरते. १०० मिमीचे दोन घ्याच. पैसे कमी असतील तर करवतीच्याही आधी हे घ्या.

गुण्या तपासून घ्या: फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. रेघा फाकल्या तर तो काटकोनात नाही. आमच्या हातात आलेला ठीक होता. स्क्रूड्रायव्हर, पट्टी, गॉगलही ठीक. रंध्याचं पातं धार न लावताच दिलंय, तेव्हा मोठ्यांनी दगडावर घासून द्यावं किंवा तो वर्षभर कपाटात राहू द्यावा.

लाकूड पाइनसारखं मऊ, २० मिमी जाड निवडा. प्लायवूड नको, कडेला कुसळं सुटतात. फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकायचा असेल तर आधी ड्रिलने खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडा, म्हणजे फळी चिरत नाही.