डबा, ब्रश आणि चिमटा: टॅरांट्युला हलवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे दोन टॅरांट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, आहेत. एक मेक्सिकन रेड नी, अगदी संथ. दुसरी ऑरेंज बबून, जिला संथपणा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आठ महिन्यांत दोघींची मिळून सहा वेळा घरं बदलली. त्यासाठी तीन वस्तू घेतल्या होत्या: झाकणाचा पारदर्शक डबा, चित्रकलेचा मऊ ब्रश आणि लांब चिमटा.

चिमटा या कामासाठी बाद. पहिल्याच वेळी रेड नीला हळूच ढकलायला गेलो, तर तिने पुढचे पाय उचलून थेट धातूवर दात मारले. दात मोडला असता तर पुढची कात टाकेपर्यंत तिचे खाण्याचे हाल झाले असते. आता चिमट्याने फक्त उरलेले किडे आणि पाण्याची वाटी उचलतो.

ब्रश मात्र सोनं आहे. मागच्या पायाच्या टोकाला केस जेमतेम टेकवायचे. ती दोन पावलं सरकते, थांबते. आपणही थांबायचं. पुन्हा टेकवायचं. एकदा घाईत ब्रश पोटाला लागला आणि तिने मागच्या पायांनी पोटावरचे खाज आणणारे केस भराभर झाडले. मनगट दोन दिवस खाजत होतं. डोळ्यांत गेले असते तर निभावलं नसतं, म्हणून आता चष्मा आणि हातमोजे घालूनच बसतो. बबूनकडे असले केस नसतात, पण ती विजेसारखी पळते आणि तिचा दंश फार वेदनादायक असतो. आणखी एक, तोंडाने फुंकर मारून हलवू नका. पायांवरच्या बारीक केसांना हवेची जराशी हालचालही कळते आणि ती बिथरते.

डब्याबद्दल तक्रार आहे. पाय पसरल्यावरही कोळी आत मावेल इतका रुंद डबा वरून ठेवायचा, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा, एवढंच काम. पण सारखा धुऊन पुसून प्लास्टिकवर ओरखडे पडलेत, आणि कड टेकवताना पाय नेमका कुठे आहे ते धूसर दिसतं. पाय तुटला तर पुढच्या काती टाकताना पुन्हा येतो, तरी ती पाळी का आणायची?

तिसऱ्या वेळी टेबलावर काम केलं. बबून पुठ्ठ्यावरून सटकली, डब्याच्या बाहेरून फिरून टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. माझा श्वासच अडकला. एवढ्या उंचीवरून पडून पोट फुटलं तर ती वाचणं कठीण. तेव्हापासून जमिनीवर बसतो आणि दोन्ही घरं एका मोठ्या टबात ठेवतो.

पाचवी बदली बरेच दिवस लांबवली. रेड नीने खाणं सोडलं होतं आणि पोटावरचा टकला भाग काळपट झाला होता. एकोणिसाव्या दिवशी तिने कात टाकली. कात टाकल्यावर नवे दात पांढरे होते, ते पूर्ण काळे झाल्यावरच हात लावला.

सहाव्या वेळी बबूनच्या बाबतीत वेगळंच केलं. डब्यात पकडली, पण बाहेर काढायच्या भानगडीत पडलोच नाही. डबा आडवा करून नव्या घरात ठेवला, झाकण काढलं आणि दार बंद केलं. तिसऱ्या सकाळी ती स्वतःहून बाहेर होती. डबा मात्र तिने जाळ्यात इतका गुंडाळलाय की तो आता तिचाच. मला नवा घ्यावा लागणार.