आठ इंची की दहा इंची? छोटा बेस अ‍ॅम्प निवडताना

घरच्या रियाजाला आणि अधूनमधून दोघातिघांसोबत वाजवायला छोटा बेस गिटार अ‍ॅम्प हवा असेल, तर निवड बहुतेक वेळा दोन आकारांवर येऊन थांबते. एक, २० ते ३० वॉटचा आठ इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे सर्किट आणि स्पीकर एकाच डब्यात. दुसरा, ४० ते ५० वॉटचा दहा इंची. शेजारी ठेवून पाहिले तर दोघांत चार बोटांचा फरक दिसतो. वाजवायला घेतलं की पहिल्या खर्जाच्या सुरालाच कळतं की ही दोन वेगळी यंत्रं आहेत. काही कंपन्यांनी ही जोडी एकाच मालिकेत ठेवली आहे, त्यामुळे तुलना सोपी जाते. फेंडर रम्बल २५ आठ इंची आहे आणि रम्बल ४० दहा इंची. अँपेगच्या रॉकेट बेस मालिकेत आरबी-१०८ ला ३० वॉट आणि आठ इंची स्पीकर आहे, तर आरबी-११० ला ५० वॉट आणि दहा इंची.

माझं मत आधीच सांगतो. एकच अ‍ॅम्प घेणार असाल तर दहा इंची घ्या. आठ इंची कुणासाठी योग्य आहे तेही पुढे येईल, पण त्याआधी वॉटचा विषय बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखं कानाला वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे २५ वॉटवरून ४० वर गेल्याने मिळतात जेमतेम २ डेसिबल. तेवढ्यासाठी कुणी जास्तीचे पैसे मोजू नयेत. अँपेगचा पोर्टाफ्लेक्स बी-१५ हा १९६० साली आलेला अ‍ॅम्प स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेला, आणि त्याची ताकद होती २५-३० वॉटच्या आसपास. फक्त त्याचा स्पीकर १५ इंची होता आणि डबा नीट विचार करून बांधलेला होता. छोट्या अ‍ॅम्पचं मोजमाप करताना म्हणूनच आधी स्पीकर आणि डबा बघावा, वॉट शेवटी.

चार तारांच्या बेसवर मोकळी ई तार वाजते ४१ हर्ट्झला. तोच सूर एक सप्तक वर, ८२ हर्ट्झला वाजतो. दोन्ही सारख्याच जोराने ऐकू यायचे असतील तर ४१ हर्ट्झसाठी स्पीकरच्या कोनला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट पुढेमागे हलावं लागतं. आठ इंची कोनला तेवढी जागाच नसते. दहा इंची कोनचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या दीडपटीहून जास्त भरतं, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला त्याला कमी हलावं लागतं. वॉट सारखे असले तरी दहा इंची मोकळा वाटतो आणि आठ इंची दमल्यासारखा वाटतो, त्याचं मुख्य कारण हे.

मग आठ इंचीवर ई तार ऐकू येते ती कशी? तारेतून ४१ हर्ट्झच्या जोडीला ८२, १२३, १६५ असे वरचे स्वरांशही निघतात. तेवढे कानावर पडले की मेंदू खालचा मूळ सूर स्वतः भरून घेतो. चांगल्या छोट्या अ‍ॅम्पचे रचनाकार याचाच आधार घेतात. अगदी खालचा भाग ते थोडा सोडून देतात आणि ८० ते २५० हर्ट्झचा पट्टा नेटका ठेवतात. असा अ‍ॅम्प ऐकताना सूर कोणता हे स्पष्ट कळतं, छातीत जाणवणारा दणका तेवढा मिळत नाही. वाईट छोटा अ‍ॅम्प उलट करतो. खर्ज आहे असं भासवायला १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा देतो. मग ए तारेवरचे काही सूर उसळतात, बाकीचे बुडतात आणि सगळ्यावर एकच घुमारा पसरतो. पाच मिनिटं ऐकलं तर असा अ‍ॅम्प भारदस्त वाटतो. तासभर वाजवलं की बोटांत काय चुकतंय ते त्यातून कळत नाही, आणि रियाजाच्या अ‍ॅम्पचा यापेक्षा मोठा दोष नाही.

आता बांधणी. डब्याच्या बाजूवर, मागच्या फळीवर आणि वरच्या फळीच्या मधोमध बोटांच्या पेरांनी ठोकून पाहा. आवाज आखूड आणि बंद आला तर फळी जाड आहे किंवा आतून आधार दिलेला आहे. लांबत जाणारा, पोकळ आवाज आला तर ती फळी स्पीकरसोबत स्वतःही वाजणार. प्लायवूड हलकं असतं आणि स्क्रू घट्ट धरून ठेवतं. एमडीएफ जड आणि आवाजाला शांत असतं, पण कोपऱ्यावर आपटलं किंवा ओल लागली की फुगतं, आणि तिथले स्क्रू पुन्हा बसत नाहीत. घरातून न हलणाऱ्या अ‍ॅम्पला एमडीएफ चालतं. रोज उचलायचा असेल तर माझी पसंती प्लायवूडला.

डबा बंद आहे की पोर्टचा, म्हणजे हवेसाठी मुद्दाम तोंड ठेवलेला, हेही पाहून घ्या. बंद डब्याचा खर्ज हळूहळू उतरतो, सप्तकामागे १२ डेसिबलने. पोर्टचा डबा ठरावीक सुरापर्यंत भरघोस साथ देतो, पण त्याखाली २४ डेसिबलने कोसळतो, आणि तिथे कोनला मागून हवेचा आधारही राहत नाही. आठ इंचीत मला बंद डबा बरा वाटतो. नाहीतरी खालचं सप्तक त्याच्या आवाक्यात नसतं, मग निदान जे आहे ते घट्ट मिळतं. दहा इंचीत चांगला पोर्ट उपयोगी पडतो. पोर्टच्या तोंडाशी हात धरून ई तार जोरात वाजवा. हातावर वारा जाणवणारच. त्यासोबत फसफस ऐकू आली तर पोर्ट अरुंद आहे.

वजनावरून बांधणी ठरवू नका. रम्बल २५ साडेनऊ किलोच्या आसपास आहे, तर त्याच्याहून मोठा रम्बल ४० आठ किलोंच्या थोडा वर. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरच्या चुंबकाचं असतं. क्लास डी सर्किट, स्विचिंग पॉवर सप्लाय आणि निओडिमियम चुंबक आल्यापासून ते पुष्कळ कमी झालं. म्हणून हलका म्हणजे कच्चा, हा हिशेब आता चालत नाही.

खरी परीक्षा खडखडीची. मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, निम्म्यावर ठेवा आणि मोकळ्या ई तारेपासून एकेक फ्रेट वर चढत बाराव्या फ्रेटपर्यंत जा, घाई न करता, प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत. बहुतेक स्वस्त कॉम्बो एखाद्या ठरावीक सुरावर कुरकुरतात, अनेकदा एफ ते ए यांच्या मधे कुठेतरी. सूर धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला जाळीच्या कडेवर, कंपनीच्या नावाच्या पट्टीवर, हँडलवर, मागच्या फळीवर आळीपाळीने तळवा दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर कुरकुर थांबते तिथे दोष आहे. पट्टी किंवा हँडल असेल तर स्क्रू आवळून किंवा मागे फोमचा तुकडा लावून काम भागतं. कुठेच दाबून थांबली नाही तर आवाज स्पीकरचा किंवा आतल्या जोडाचा आहे. तो नग घेऊ नका.

जॅकमध्ये केबल घालून हलकेच हलवा. सॉकेट नटाने पॅनेलला आवळलेलं आहे की नुसतं सर्किट बोर्डावर टेकलंय, ते लगेच समजतं. नॉबचंही तसंच. डगमगणारा नॉब दोन वर्षांनी खरखरणार.

आवाजाकडे वळताना एक पथ्य पाळा. दोन्ही अ‍ॅम्प एकाच जागी, एकाच बेसवर, त्याच केबलने ऐका आणि आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या. एक-दोन डेसिबलने मोठा असलेला अ‍ॅम्प नेहमीच चांगला वाटतो. जागेचा परिणाम त्याहून मोठा असतो. भिंतीलगत, त्यातही कोपऱ्यात ठेवलेला अ‍ॅम्प मधोमध ठेवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्ज देतो. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमीच ऐकू येतात. म्हणून घरात हळू वाजवताना बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब थोडा वाढवावासा वाटणं स्वाभाविक आहे. तोच नॉब तसाच ठेवून मास्टर चढवला की आठ इंची स्पीकर फडफडू लागतो. जोरात वाजवताना आधी बेस कमी करायचा, ही सवय छोट्या अ‍ॅम्पवर लावून घ्यावीच लागते.

बोटांनी वाजवणाऱ्याला दहा इंची अ‍ॅम्पचा १०० ते २५० हर्ट्झचा भरीवपणा सुखावतो. सूर तारेवरून सुटल्यावर लगेच बारीक होत नाही. आठ इंचीवर बोटाचा पहिला टोला ठळक येतो आणि मागचं अंग कमी. पिकने वाजवणाऱ्याला किंवा स्लॅपच्या (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याच्या) सरावाला हे काही वाईट नाही. हात एकमेकांत जुळतायत का, ते उलट स्वच्छ ऐकू येतं. पण आठ इंचीवर टोनचे नॉब किती आहेत, याने फार फरक पडतो. रम्बल २५ वर बेस, मिड (मधले सूर), ट्रेबल (वरचे सूर) असे तीनच आहेत. रम्बल ४० वर मिडचे दोन भाग होतात, खालचा आणि वरचा. खोलीतला घुमारा बहुधा खालच्या मिडमध्येच असतो, त्यामुळे हा एक जादा नॉब माझ्या लेखी जादा वॉटपेक्षा मोलाचा आहे. ऑरेंजचा क्रश बेस २५ आठ इंचीच आहे, पण मिडची फ्रिक्वेन्सी सरकवता येते. आठ इंचीतच राहायचं असेल तर ही सोय शोधा.

ओव्हरड्राइव्हचं बटण, ब्लूटूथ, आतला ट्यूनर यांवर निर्णय अडवू नका. हेडफोनचं सॉकेट मात्र हवंच, आणि हेडफोन लावून काही न वाजवता सुसकारा किती येतो तेही ऐका. एक्सएलआर आउटपुट, म्हणजे मिक्सरला जोडायचं सॉकेट, ही खरी विभागणी आहे. रम्बल ४० ला ते आहे, २५ ला नाही. ड्रम-सेटसमोर ४०-५० वॉटचा दहा इंचीही अपुरा पडतो. पण एक्सएलआर असेल तर आवाज थेट मिक्सरला जातो आणि हा छोटा डबा फक्त तुम्हाला स्वतःला ऐकायला पुरतो. आठ इंचीला हे दार बहुधा बंदच असतं.

लहान आकारात आणखी वेगळ्या वाटा आहेत. रोलंडच्या मायक्रो क्यूब बेस आरएक्समध्ये चार-चार इंचांचे चार स्पीकर असून तो बॅटरीवरही चालतो. ट्रेस एलियटचा एल्फ हा २०० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) पाऊण किलोच्या आसपास भरतो, पण त्याला कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा डबा, वेगळं घ्यावं लागतं. हातात आधीच चांगलं कॅबिनेट असेल तर नवा कॉम्बो घेण्यापेक्षा असा हेड घेणं शहाणपणाचं.

मग आठ इंची कुणी घ्यावा? ज्याची खोली लहान आहे, वाजवणं रात्री आणि हळू आवाजात आहे, बँडचा विचार निदान वर्षभर नाही, त्याने खुशाल घ्यावा. त्या आवाजाला दहा इंचीचा फायदा अर्धाही वापरला जात नाही. नवशिक्याला, पुढे कुणाबरोबर तरी वाजवायची इच्छा असेल तर, मी दहा इंचीच सुचवीन. पाच तारांचा बेस असेल तर आठ इंचीचा विचार सोडून द्या. मोकळी बी तार ३१ हर्ट्झला वाजते, आणि बंद डब्यातल्या आठ इंची स्पीकरवर तिचे खालचे चार-पाच फ्रेट एकमेकांपासून वेगळे ओळखणंच जड जातं. दहा इंचीवरही ती तार पूर्ण मिळत नाही, पण सूर ओळखू येतो. तिच्यावर रोज काम करायचं असेल तर कॉम्पॅक्टच्या मर्यादेत बारा इंचीपर्यंत जा. १०० वॉटचा, बारा इंची रम्बल १०० दहा किलोंच्या आसपासच आहे.