चकचकीत रंगाखालची लांबी (पुट्टी) : दोन आसनी उघडी गाडी घेताना झालेली फसवणूक

उघडणाऱ्या कापडी छताची जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार घेताना माझी ज्या पद्धतीने फसवणूक झाली, ती पद्धत या प्रकारच्या गाडीच्या रचनेचा पुरेपूर फायदा घेणारी होती. विक्रेत्याला गाडीचे नाजूक ठिकाण कोणते हे नेमके ठाऊक होते आणि माझी नजर तिथे पोहोचू नये याची त्याने पद्धतशीर तजवीज केली होती. हीच युक्ती दुसऱ्या कोणावरही सहज चालू शकते, म्हणून सारे तपशिलाने लिहीत आहे.

परवडणारी उघडी गाडी शोधणारा माणूस बहुधा माझदा एमएक्स-५ पाशी येऊन थांबतो, आणि त्याला सबळ कारणे आहेत. १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली, तेव्हा स्वस्त ब्रिटिश रोडस्टरची, म्हणजे दोन आसनी उघड्या गाडीची, परंपरा जवळजवळ संपली होती. एमजीबी या ब्रिटिश रोडस्टरचे उत्पादन १९८० मध्येच थांबले होते. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, एक टनाच्या आसपास वजन आणि साधी, भरवशाची यंत्रणा या जोरावर २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. सुटे भाग मिळतात, माहितगार मेकॅनिकही मिळतात. मी घेतलेली गाडी १९९८ ते २००५ या काळातील दुसऱ्या पिढीची होती. गाडीच्या निवडीबद्दल माझी आजही काही तक्रार नाही; तक्रार आहे ती विकणाऱ्याच्या वागण्याबद्दल.

बंद गाडीत छत हा सांगाड्याचाच भाग असतो आणि तो बराच भार वाहतो. उघड्या गाडीत तो आधार नसल्यामुळे वाकण्याचा आणि पिळवटण्याचा ताण प्रामुख्याने तळाचा पत्रा आणि दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, यांनाच सोसावा लागतो. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत छतावरून ओघळणारे पाणी आसनांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतील नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली सोडलेले असते. पालापाचोळा आणि माती साचून या नळ्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरते, तिथेच साठून राहते आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरून पहिला फोड दिसतो, तेव्हा आतला थर बहुधा संपलेला असतो. दुसऱ्या पिढीत याशिवाय पुढच्या बाजूचे दुहेरी पत्र्याचे चासी रेल, म्हणजे सांगाड्याचे लांबट आधारही गंजतात, आणि इंजिनाखालचे आवरण काढल्याशिवाय ते नीट दिसत नाहीत.

विक्रेत्याने छत नवे कोरे बसवले होते. गाडी दाखवताना ते आधीच उघडून ठेवलेले होते, त्यामुळे आसनांमागचे कोपरे दुमडलेल्या कापडाखाली पूर्ण झाकले गेले होते. ते वर करून पाहण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा नव्या कापडाची शिवण आणि मागची काच यांबद्दल तो इतके बोलत राहिला की पाहणी छतापुरतीच उरली. आतील गालिचे नुकतेच धुऊन वाळवलेले होते. गाडीखाली डोकावल्यावर सर्वत्र काळा, जाड, एकसारखा लेप दिसला. गंजू नये म्हणून आपण तो मुद्दाम दिला असल्याचे त्याने अभिमानाने सांगितले. गाडी लिफ्टवर चढवून पाहू द्या, अशी विनंती मी केली होती. जागा मोकळी नाही आणि विम्याच्या अटींमुळे परक्या गॅरेजमध्ये गाडी पाठवता येत नाही, अशी दोन कारणे त्याने एका दमात दिली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, नुकताच बदलल्याची चिठ्ठी इंजिनाच्या आवरणावर चिकटवलेली होती. हा पट्टा साधारण एक लाख किलोमीटरनंतर बदलावा लागतो आणि ते काम केलेले असेल तर सुट्या भागांचे बिल असतेच. ते ‘शोधून पाठवतो’ असे आश्वासन मिळाले. बिल कधीच आले नाही आणि पट्टाही जुनाच निघाला.

खरा प्रकार टायर बदलताना उघड झाला. मेकॅनिकने मागच्या चाकापुढील ठरलेल्या जागी जॅक लावला आणि गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच आत शिरला. काळ्या लेपाचा पापुद्रा सुटून पडला. त्याखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, लांबीखाली ॲल्युमिनियमची जाळी आणि जाळीमागे फुगणारा फोम होता. मूळ पत्रा मुठीएवढ्या भागात उरलाच नव्हता. दुसरी बाजूही तशीच निघाली. हा फोम ओल धरून ठेवतो, त्यामुळे विक्रेत्याने दोष नुसता झाकला नाही, तर उरलेला पत्राही लवकर कुजेल अशी व्यवस्था करून ठेवली. ज्या भागाच्या भरवशावर अपघातात दोन माणसांचे प्राण अवलंबून असतात, तो भाग लांबीने भरून त्यावर रंग मारणे याला मी किरकोळ व्यापारी लबाडी मानायला तयार नाही.

असा माल ओळखण्यासाठी फार साधने लागत नाहीत. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलच्या मागच्या टोकापर्यंत फिरवावे. लांबीवर ते धरत नाही. बोटाने ठोकल्यावर पत्रा खणखणतो, भरलेला भाग मंद वाजतो. छत पूर्ण लावायला सांगून आसनांमागच्या कोपऱ्यांत सावकाश पाणी ओतावे आणि ते मागच्या चाकांपुढे खाली पडते का ते पाहावे. एक बाजू जॅकवर उचलल्यावर त्या बाजूचे दार उघडून लावून पाहणे ही माझ्या मते सर्वांत बोलकी परीक्षा आहे, कारण सांगाडा कमकुवत असेल तर दाराच्या फटी बदलतात आणि दार कुलुपाशी अडते. तळाला ताजा जाड लेप दिसला, तर तो केव्हा आणि कोणी दिला याचे बिल आणि लेप देण्यापूर्वीची छायाचित्रे मागावीत. गाडी लिफ्टवर चढवू देण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याला इसार देऊ नये, मग त्याचे कारण कितीही पटण्याजोगे असो.

मी विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा ‘आहे त्या स्थितीत विकली’ या पावतीवरील ओळीवर त्याने बोट ठेवले. जुन्या गाडीचे दोष स्वीकारून ती घेणे आणि तिचे दोष मुद्दाम बुजवून ती गळ्यात मारणे यांतला फरक मी त्याला लेखी कळवला. सोबत मेकॅनिकचा सही केलेला अहवाल, जाळी आणि फोम स्पष्ट दाखवणारी छायाचित्रे आणि त्याने स्वतः पाठवलेल्या ‘गंजमुक्त’ या दाव्याची प्रत जोडली. हा दावा त्याने लेखी केला होता, म्हणूनच माझ्या म्हणण्याला वजन आले. तोंडी आश्वासनाचा काही उपयोग झाला नसता. त्यानंतर दुरुस्तीचा काही खर्च देण्याची तयारी त्याने दाखवली, मात्र याविषयी कोठेही वाच्यता न करण्याची अट घातली. ती अट मी नाकारली.

गाडी आता दुरुस्त झाली आहे. दारांच्या चौकटीत आधी आडव्या सळ्या जोडून घ्याव्या लागल्या, कारण सिल कापल्यावर उघडी गाडी मधोमध खचू शकते. त्यानंतर आतला आणि बाहेरचा असे दोन्ही थर कापून नवा पत्रा वेल्ड केला आणि पोकळीत मेण फवारले. सगळा खर्च मला करावा लागला. विक्रेत्याविरुद्धची माझी लेखी तक्रार अद्याप प्रलंबित आहे.