शाळेसाठी हवामानाच्या नोंदी: पर्जन्यमापक, ग्लोब की सीझनवॉच?

यंदा शाळेत हवामानाच्या नोंदी सुरू करायच्या असतील, तर कुठल्या उपक्रमाचं नाव मोठं हे बघत बसू नका. सुट्टीच्या दिवशी नोंद कोण घेणार, हे आधी ठरवा. अर्धी निवड तिथेच होते.

माझी पहिली पसंती साध्या पर्जन्यमापकाला. तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर असेल, तर 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. हे गणित मुलांना स्वतः मांडू द्या. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो ठेवा. नोंद मात्र सकाळी साडेआठलाच घ्या, कारण भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा धरतो. वेळ पाळली, तर कृषी विभागाच्या 'महारेन' या पावसाच्या आकड्यांच्या संकेतस्थळावरचा आपल्या महसूल मंडळाचा आकडा शेजारी मांडता येतो. दोन्हींत फरक आला की मुलांना वाटतं, आपलंच चुकलं. तेव्हा त्यांना 26 जुलै 2005ची मुंबई दाखवा: सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला साधारण 73. शहर एक, दिवसही तोच! शाळेच्या अंगणातला आकडा म्हणूनच मोलाचा.

रविवारचं पाणी सोमवारी मोजलं, तर 'दोन दिवसांचा एकत्रित' असं लिहा, दोनने भागू नका. पाऊस नसेल तेव्हा 0 लिहायचं. रकाना कोरा राहिला, तर पाऊस नव्हता की नोंदच राहिली, हे नंतर कुणालाच कळत नाही.

ग्लोब हा 1995 साली सुरू झालेला, नासाचं पाठबळ असलेला आंतरराष्ट्रीय उपक्रम. भारतही त्यात आहे. यातली ढगांची नोंद मला फार आवडते. 'ग्लोब ऑब्झर्व्हर' अ‍ॅपमध्ये आकाश किती झाकलंय, ढग कुठल्या प्रकारचे आहेत हे भरायचं आणि चारही दिशांचे फोटो टाकायचे. उपग्रह आपल्यावरून जाण्याच्या आगेमागे पंधरा मिनिटांत नोंद केली, तर त्याला वरून काय दिसलं याची तुलना ईमेलने येते. इथे रोजची सक्ती नाही, पण मोबाइल आणि इंग्रजी वाचून सांगणारं कुणीतरी लागतं. पावसासाठी मात्र ग्लोब नको. त्यांची वेळ स्थानिक मध्यान्हाची, म्हणजे मुंबईत साधारण साडेबाराच्या आसपासची. शाळेला ती सोयीची असली, तरी तो आकडा हवामान विभागाच्या आकड्याशी जुळवता येत नाही.

सीझनवॉच 2010पासून भारतात चालतो, आणि केरळच्या शाळांनी तो मनापासून उचललाय. आवारातलं एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा पालवी, फुलं, फळं नोंदवायची. हवामान थेट मोजलं जात नाही, पण बहावा यंदा कधी फुलला, आंब्याला मोहोर कधी आला, हे वर्षानुवर्षं लिहून राहतं. खर्च नाही, आणि सुट्टीचा प्रश्नही बराचसा सुटतो.

अमेरिकेत किंवा कॅनडात शिकवणाऱ्यांनी कोकोराझ हा स्वयंसेवकांनी पाऊस मोजण्याचा उपक्रम बघावा. फोर्ट कॉलिन्सच्या 1997च्या पुरानंतर 1998 साली तो कोलोरॅडोत सुरू झाला. भारतातून त्यात भाग घेता येत नाही.

शाळा दोनशिक्षकी असेल आणि जवळ राहणारं कुणी नसेल, तर सीझनवॉच घ्या. साडेआठला हजर राहणारी दोन-तीन मुलं मिळत असतील, तर पर्जन्यमापकच बसवा, आणि ढगांची नोंद पावसाळा सरल्यावर, आकाश मोकळं झालं की जोडा.